रात्रभर मुरलेला चहा

पहाटे साडेपाच

फेब्रुवारीत क्लॅनविल्यमच्या परिसरात सूर्य उगवतो तो सहा वाजून गेल्यावर. कापणीची माणसं मात्र त्याआधीच शेतात उतरलेली असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनहून उत्तरेला साधारण सव्वादोनशे किलोमीटरवरचं हे गाव. जवळून ऑलिफंट्स नदी वाहते, पूर्वेला सीडरबर्गचे वालुकाश्माचे डोंगर उभे असतात आणि आजूबाजूची जमीन रेताड, आम्लधर्मी, बाजरीलाही नकोशी वाटेल अशी. आपल्याकडे थंडी ओसरत असते तेव्हा तिथे भर उन्हाळा असतो, दुपारी पारा चाळिशी गाठतो. म्हणून जे काही वाकून करायचं, ते सकाळीच.

वाकून करायचं काम म्हणजे रॉयबॉसची कापणी. एका हातानं झुडपाच्या कोवळ्या फांद्यांची मूठ आवळायची, दुसऱ्या हातानं विळा ओढायचा. जमिनीपासून फूट-सव्वाफूट खोड राखायचं, कारण पुढचा फुटवा तिथूनच येणार असतो. फार खाली कापलं तर झुडूप मरतं, फार वर कापलं तर जाड काड्याच जास्त हाती लागतात. मोठ्या शेतांवर यंत्रं आली आहेत, पण डोंगराच्या चढणीवर विळाच चालतो.

झुडूप तसं अगदी साधं दिसतं. कमरेइतकं, कधी त्याहून उंच, सुयांसारख्या बारीक हिरव्या पानांचं. रॉयबॉस या नावाचा अर्थ लाल झुडूप, पण लाल रंगाचा त्यात मागमूस नसतो. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव ॲस्पॅलॅथस लिनिॲरिस, आणि कूळ शेंगावर्गीय, म्हणजे तूर-हरभऱ्याच्या भाऊबंदांतलं. आसाम-दार्जिलिंगच्या चहाच्या झाडाशी त्याचं दूरचंही नातं नाही. त्यामुळे त्यात कॅफीन नाही. ते कारखान्यात काढून टाकलेलं नाही, झाडात मुळीच नाही. बाजारात मिळणाऱ्या मसाला रॉयबॉसच्या डब्यावर शेकोटी, लोकरी मोजे, खिडकीबाहेरचा पाऊस अशी चित्रं असतात. निवांत संध्याकाळी घड्याळ न बघता प्यायचं हे पेय. ज्यांच्या हातून ते तयार होतं त्यांची नजर मात्र पहाटेपासून दुसऱ्या दुपारपर्यंत घड्याळावर नाहीतर उन्हावर असते. त्या माणसांच्या तासांवरून गेलं की कपातली चव जास्त कळते, असं माझं मत आहे.

सकाळी आठ

एव्हाना कापलेल्या फांद्यांच्या पेंढ्या बांधून ओळीनं पडलेल्या असतात. त्या उन्हात फार वेळ राहता कामा नयेत. फांदी शेतातच वाळली तर पुढच्या सगळ्या कामाचा विचका होतो, कारण रंग चढायला पानात ओल लागते. ट्रॅक्टरची ट्रॉली फेऱ्या मारत राहते.

कापणीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. या चार महिन्यांसाठी बाहेरगावाहून मजूर येतात, टोळ्यांनी राहतात, हंगाम संपला की संत्र्याच्या बागांकडे किंवा परत घरी जातात. ऊसतोडीच्या टोळ्या पाहिलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

एका झुडपाची कापणी वर्षातून एकदाच होते. लागवडीनंतर दीड-दोन वर्षांनी खरं पीक हाती येतं आणि पाच-सहा वर्षांत झुडूप थकतं. मग ते उपटून जमिनीला विसावा द्यायचा, मध्ये ओटसारखं एखादं पीक घ्यायचं. पाऊस इथे हिवाळ्यात पडतो, म्हणजे मे ते ऑगस्ट, आणि तोही बेताचाच. उन्हाळाभर झुडूप तगतं ते खोल गेलेल्या सोटमुळावर. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून त्या कंगाल वाळूतही ते उभं राहतं. नुसतं तगतं असं नाही. या पट्ट्याबाहेर ते धड रुजतच नाही. इतर देशांत लागवडीचे प्रयत्न झाले, पण व्यापारी पीक म्हणून ते कुठेच उभं राहिलं नाही. २०२१ साली युरोपीय संघानं रॉयबॉस या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. आफ्रिकेतल्या खाद्यपदार्थाला असा मान पहिल्यांदाच मिळाला. देवगडच्या हापूसला आपल्याकडे जे संरक्षण मिळालं आहे, त्याच जातीचं हे.

जमीन कुणाची, हा प्रश्न इथे फार वेळ झाकून ठेवता येत नाही. वसाहतीच्या आणि वर्णभेदाच्या काळात चांगल्या जमिनी गोऱ्या शेतकऱ्यांकडे गेल्या आणि आजही बहुतांश पीक मोठ्या शेतांवरूनच येतं. छोटे शेतकरी आहेत ते डोंगरातल्या वुपरथाल या गावी आणि उत्तरेला न्यूवुडव्हिलच्या पठारावर. वुपरथाल हे १८३० साली जर्मन मिशनऱ्यांनी वसवलेलं गाव, चुन्याच्या पांढऱ्या भिंती आणि गवती छपरांचं. ३० डिसेंबर २०१८ रोजी लागलेल्या वणव्यात त्यातली बरीच घरं जळाली. न्यूवुडव्हिलकडे हेइवेल्ड नावाची सहकारी संस्था आहे, तिथले सभासद लागवडीच्या रॉयबॉसबरोबर डोंगरातला रानटी रॉयबॉसही गोळा करतात. रानटी झुडूप वणव्यानंतरही खोडातून पुन्हा फुटतं, जास्त वर्षं जगतं, पण पाला कमी देतं. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला सहकाराची स्वप्नं आणि दुखणी दोन्ही ठाऊक आहेत. इथल्या संस्था आकारानं फार लहान आहेत, पण आपला माल आपण वाळवायचा आणि आपणच विकायचा, ही जिद्द तीच.

सकाळी अकरा

चहाची सुट्टी. इथल्या एका जुन्या रॉयबॉसच्या पुड्याचं नावच 'इलेव्हन ओ'क्लॉक' आहे, त्यामुळे या वेळेला चुकवून चालणार नाही.

तो पुडा गिन्सबर्ग घराण्याचा. बेंजामिन गिन्सबर्ग १९०४ साली रशियन साम्राज्यातून केपमध्ये आले, घराण्यात चहाच्या व्यापाराची जाण होती. डोंगरातली माणसं कुऱ्हाडीनं फांद्या तोडून, लाकडी हातोड्यांनी कुटून, ढीग लावून आंबवून उन्हात वाळवतात आणि ते उकळून पितात, हे त्यांनी पाहिलं आणि तो माल ते विकत घेऊन विकू लागले. पण तोवर सगळा पाला रानातलाच होता. लागवड करावी तर बी उगवेना. बी हाती लागणंही मुश्कील, कारण शेंग पिकली की तडकते आणि तिच्यातलं एकुलतं बी वाळूत उडून पडतं. आकार मोहरीच्या दाण्याहून फारसा मोठा नाही, रंग वाळूचाच.

क्लॅनविल्यमचे डॉक्टर पीटर ले फ्रास नॉर्टिए यांनी १९३०च्या आसपास हे कोडं हातात घेतलं. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात झुडपांचे प्रयोग करायचे. गावकऱ्यांना त्यांनी बी गोळा करायला सांगितलं, काड्यापेटी भरून आणली की पैसे द्यायचे. बहुतेकांच्या हाती थोडंथोडं लागे. इथल्या मूळ रहिवाशांपैकी, खोई समाजातली एक म्हातारी बाई मात्र पेट्यांवर पेट्या भरून आणू लागली. तिनं मुंग्या पाहिल्या होत्या. मुंग्या हे बी ओढून वारुळात नेतात, त्यांचा माग काढत ती वारुळापर्यंत गेली, वारूळ उकरलं, आणि आत कोठार सापडलं. बी उगवत नव्हतं ते टणक सालीमुळे. नॉर्टिए यांनी ते घासून, खरवडून पेरलं आणि रोपं तरारली. त्यानंतर बियाण्याला असा भाव आला की एक पौंड वजनाच्या बियाण्याला ऐंशी पौंड (चलन) मोजल्याची नोंद आहे. पुढे १९४८ साली स्टेलनबॉश विद्यापीठानं डॉक्टरांना मानद पदवी दिली. कथा सांगताना त्या बाईचं नाव बहुतेक जण घेत नाहीत.

हे हळहळून सोडून देण्यासारखं नाही, कारण प्रकरण पुढे कागदावर आलं. खोई आणि सान लोकांनी मागणी लावून धरली की या झुडपाचं ज्ञान मुळात आमचं आहे. २०१९च्या नोव्हेंबरात रॉयबॉस उद्योगाशी करार झाला. त्यानुसार शेतावरच्या खरेदी किमतीच्या दीड टक्का रक्कम त्यांच्या परिषदांकडे जाते. दीड टक्का म्हणजे फार नाही. पण अख्ख्या उद्योगानं एका वनस्पतीच्या पारंपरिक ज्ञानासाठी पैसे मोजायचे, असा करार जगात क्वचितच झाला आहे. हळदीच्या पेटंटावरून आपण अमेरिकेत भांडलो आणि जिंकलो. पण आपल्या आदिवासी वैदूंच्या हातात त्यातून काय आलं, हे विचारायला हरकत नाही.

सुट्टीतला चहा काळा असतो, साखर घातलेला. जुन्या शेतघरांत चुलीच्या कोपऱ्यावर रॉयबॉसची किटली दिवसभर मंद गरम राहायची, जो येईल तो ओतून घ्यायचा. आपल्या चहाचं असं केलं तर दुपारपर्यंत त्याचा काढा होतो आणि जीभ आवळते. रॉयबॉसचं तसं होत नाही. त्यात टॅनिन कमी असतं. तो उकळत राहिला तर गडद होतो, गोडसर होतो, कडू होत नाही. पुढचं सगळं या एका गुणावर उभं आहे.

दुपारी दोन

शेतात कुणी नसतं. असूही नये.

दुपारी चार

कामाची जागा आता शेतातून खळ्यावर येते. आफ्रिकान्स भाषेत तिला टीबान म्हणतात. सिमेंटचं सपाट, उघडं, मोठं पटांगण. धान्य मळायचं आपलं खळं मोठं करून त्याला कोबा केला तर जे होईल, ते.

पेंढ्या कुट्टी यंत्रात जातात. पूर्वी इथे तंबाखू कापायची यंत्रं वापरत, तत्त्व आपल्या कडबा कुट्टीचंच. दीड ते पाच मिलिमीटरचे तुकडे पडायला हवेत. ही लांबी मर्जीची बाब नाही. तुकडा फार बारीक झाला तर भुगा होतो आणि वाळताना उडून जातो, जाड राहिला तर आतली काडी हिरवीच राहते. पाती बोथट झाली की तुकडे कापले न जाता फाटतात, म्हणून यंत्रावरचा माणूस आवाजाकडे कान लावून असतो.

यंत्रातून हिरवागार चुरा पडतो. वास कापलेल्या गवताचा, जरा उग्र. मसाला रॉयबॉसची जी सुवासिक कल्पना घेऊन कुणी इथे येईल, त्याची या टप्प्यावर निराशाच होईल.

संध्याकाळी सात

ऊन अजून आहे, फेब्रुवारीत मावळायला पावणेआठ होतात. पण त्याचा चटका गेला आहे आणि आता खरं काम सुरू होतं.

हिरवा चुरा खळ्यावर पसरून त्यावर पाणी मारतात, मग ट्रॅक्टर किंवा रूळ फिरवून तो चेचतात. चेचल्यावर पेशी फुटतात, आतला रस बाहेर येतो, हवेतला प्राणवायू त्याला भिडतो. मग त्याच्या लांबट, बुटक्या राशी लावायच्या. राशीत हळूहळू ऊब धरते. ३८ ते ४२ अंशांच्या दरम्यान ती राहिली तर उत्तम. या क्रियेला इथे सगळे आंबवणं म्हणतात, पण यात यीस्टचा फारसा संबंध नाही. सफरचंद कापून ठेवलं की तांबूस पडतं, त्याच जातीचा हा बदल. पानातल्या ॲस्पॅलॅथिन नावाच्या द्रव्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि हिरवा पाला विटकरी होत जातो.

हा टप्पा गाळून लगेच वाळवला तर हिरवा रॉयबॉस मिळतो. तो फिकट, गवताळ चवीचा, महाग. त्यात ॲस्पॅलॅथिन जास्त टिकतं, म्हणून आरोग्याच्या दुकानांत त्याला मान आहे. मला तो पानचट वाटतो आणि मसाल्याशी तर त्याचं अजिबात जमत नाही.

रात्री नऊ

राशी मुरत ठेवल्या आहेत. लक्ष ठेवायला एक-दोघं थांबतात, बाकीचे घरी.

इथे एक गंमत आहे. ज्या पेयाची ख्याती 'रात्री घ्या, झोप उडत नाही' अशी, त्याच्या राशी राखायला रात्रभर जागावं लागतं. राखणदाराच्या थर्मासमध्ये कॉफी असली तर त्याला कुणी बोल लावू नये.

घरी गेलेल्यांच्या चुलीवर किटली चढते, आणि मसाल्याचा विषय काढायला हीच वेळ बरी. सीडरबर्गच्या झुडपात दालचिनी-वेलदोडा घालणं हे काही अलीकडच्या कॅफेवाल्यांच्या सुपीक डोक्यातून निघालेलं नाही, निदान त्यामागची चव तरी जुनी आहे. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं केपमध्ये ठाणं घातलं ते मसाल्याच्या जहाजांना पाणी-भाजीपाला मिळावा म्हणून. जावा, सिलोन, मलबारहून निघालेली लवंग, दालचिनी, मिरी याच बंदरावरून युरोपला जायची. त्याच जहाजांतून माणसंही आणली गेली, गुलाम म्हणून. त्यांत इंडोनेशियाचे होते, मादागास्करचे होते, आणि बंगाल, मलबार, कोरोमंडल किनाऱ्यावरचेही मोठ्या संख्येनं होते. केप टाउनच्या बो-काप वस्तीतल्या स्वयंपाकघरांत त्यांच्या हातची चव अजून आहे. रविवारी सकाळी तिथे कोसिस्टर नावाची पाकातली गोड वडी तळतात, पिठात दालचिनी, वेलदोडा, बडीशेपेच्या जातीचं ॲनिसीड, सुंठ आणि संत्र्याच्या वाळल्या सालीची पूड, वरून खोबऱ्याचा कीस. एखाद्या चांगल्या मसाला रॉयबॉसच्या डब्यावरची घटकांची यादी वाचा. जवळजवळ हीच असते.

चुलीवर पुढे काय होतं ते आपल्या स्वयंपाकघरात जे होतं त्याच्या उलट. आपण आधी पाणी, आलं, वेलदोडा उकळतो, चहाची पूड शेवटी टाकतो आणि झाकण ठेवतो, कारण पूड उकळत ठेवली तर चहा कडवतो. मसाल्याला वेळ हवा असतो आणि चहाला तो मानवत नाही, या ओढाताणीत आपला मसाला चहा तयार होतो. रॉयबॉसमध्ये ही ओढाताण नाही. दालचिनीची काडी, ठेचलेली सुंठ, दोन मिरे, फोडलेले वेलदोडे आणि रॉयबॉस असं सगळं एकदमच टाकायचं आणि दहा मिनिटं मंद आचेवर सोडून द्यायचं. दालचिनीसारख्या टणक सालीला आपला अर्क सोडायला एवढा वेळ लागतोच. रॉयबॉसची स्वतःची चव मधासारखी, थोडी लाकडी, मध्यम. ती मसाल्याच्या पुढे पुढे करत नाही आणि अगदी हरवूनही जात नाही.

पोराबाळांनाही हा दिला जातो. १९६८ साली ॲनिक थेरॉन या दक्षिण आफ्रिकी आईनं आपल्या सतत रडणाऱ्या तान्ह्या मुलीच्या दुधात रॉयबॉस घातला आणि मुलगी शांत झाली. तिनं त्यावर पुस्तक लिहिलं आणि देशभर या पेयाचं नाव झालं. एका आईचा अनुभव म्हणजे औषधाचा पुरावा नव्हे, आणि त्यानंतर डब्याडब्यांवर जे अँटिऑक्सिडंटांचे ढोल वाजू लागले ते मी तरी कानाआड करतो. झोपेच्या वेळी गरम, गोडसर, कॅफीन नसलेलं काहीतरी प्यायला मिळतं, एवढा गुण पुरेसा आहे.

रात्री दोन

रास उकरून बघायची वेळ. आत हात घालायचा, मूठभर पाला बाहेर काढायचा, हुंगायचा. काही तासांपूर्वीचा गवताचा वास गेलेला असतो. त्या जागी मध, पिकलं सफरचंद, थोडा तंबाखू अशी सरमिसळ येऊ लागते. ती नेमकी कुठे थांबवायची हे जुनी माणसं नाकानं ठरवतात. तापमापक असतो, पण खळ्यावर शेवटचा शब्द नाकाचाच.

थांबवायला उशीर झाला तर गोडी जाऊन आंबूस वास येतो, रंग काळपट होतो. लवकर उचकटलं तर कपात हिरवट तुरटपणा राहतो, आणि तो पुढे कितीही दालचिनी घातली तरी झाकला जात नाही. आठ तासांपासून चौदा-पंधरा तासांपर्यंत काहीही लागू शकतं. रात्र थंड पडली तर जास्त, उकाडा असेल तर कमी. एका खळ्यावरच्या दोन राशीसुद्धा एकदम तयार होत नाहीत. मधूनमधून रास उलथवायची, म्हणजे बाहेरचं आत जातं आणि सगळीकडे हवा लागते. फावड्यांचा आवाज, बाकी फारसं बोलणं नाही.

सकाळी सहा

मुरायचं थांबवायला ऊन लागतं, आणि ते वेळेवर लागतं. तयार झालेली रास उन्हं वर यायच्या आधी फोडून खळ्यावर पसरतात, थर बोटाच्या पेरापेक्षाही पातळ. दंताळी फिरवून तो सारखा करतात. थर जाड राहिला तर खालचा पाला मुरतच राहणार आणि वरचा कोरडा होणार.

काल कापायला गेलेली टोळी याच वेळी नव्या तुकड्यात विळे घेऊन उतरलेली असते. हंगामात एक दिवस संपून दुसरा सुरू होतो असं काही नसतं, दोन्ही एकमेकांत घुसलेले असतात.

वाळवणाच्या या तासांत सगळ्यांत मोठी धास्ती वाऱ्याची. वारा सुटला की सुकत आलेला चुरा उडतो, वाळू येऊन मिसळते. उन्हाळ्यात इथे पाऊस बहुतेक येत नाही, पण आला तर खळ्यावरचा माल गेलाच म्हणायचा. हिवाळ्यातला पाऊस मात्र न येणं हे जास्त वाईट. २०१५ ते २०१७च्या दुष्काळात नवी रोपं मोठ्या प्रमाणात करपली, आणि दीड-दोन वर्षांनी पीक देणाऱ्या झुडपाचं असं नुकसान पुढची कित्येक वर्षं जाणवत राहतं.

दुपारी साडेबारा

ऊन डोक्यावर. खळं आता खरोखर लाल झालेलं असतं. पाला मुठीत चुरडला की कुरकुरतो, ओल दहा टक्क्यांच्या खाली आलेली असते. तो गोळा करायला झाडू, किंवा ट्रॅक्टरला जोडलेलं हवा ओढणारं यंत्र. मग पोत्यांत भरून गावातल्या कारखान्यात. तिथे चाळण्या लागतात, जाड काड्या वेगळ्या होतात, बारीक धूळ वेगळी, प्रतवारी होते. लांब, एकसारख्या, गडद तुकड्यांना भाव चांगला.

त्यानंतर वाफ. उघड्या खळ्यावर वाळणाऱ्या मालात जंतू शिरू शकतात, हे १९८०च्या दशकात महागात पडल्यावर कळलं आणि तेव्हापासून रॉयबॉस वाफेनं निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर जात नाही. घरी तो उकळूनच प्यायचा असला तरी.

दुपारी तीन

इथून पुढचं काम त्याच दिवशी, त्याच गावात होतंच असं नाही. निम्म्याच्या आसपास माल परदेशी जातो. वर्षानुवर्षं मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक जर्मनी, आणि तिथल्या नाताळच्या मोसमात मसाला रॉयबॉसला बहर येतो. पण मिश्रण करणारा कुठेही बसलेला असो, त्याची दुपारही चव घेण्यात जाते, कारण जेवणानंतर थोडा वेळ गेला की जीभ ठिकाणावर येते.

त्याची पहिली अडचण वजनाची. रॉयबॉसचे तुकडे हलके आणि सुईसारखे, लवंग आणि वेलदोड्याचे दाणे जड. डबा हलला की जड ते तळाशी जातं. मग पहिल्या आठवड्यात नुसता रॉयबॉस प्यायचा आणि शेवटच्या चमच्यात दाताच्या डॉक्टरांकडे गेल्यासारखं तोंड बधिर करून घ्यायचं. म्हणून मसाले रॉयबॉसच्याच मापाला कापून घेतात. काही जण थोडा तेलाचा किंवा अर्काचा हात फिरवतात, म्हणजे पूड चिकटून राहते. डब्यावर अख्खं चक्रीफूल दिसतं ते शोभेपुरतं.

दुसरी अडचण प्रमाणाची. लवंग कितीही थोडी घाला, ती जास्तच होते. वेलदोडा फोडल्यावर त्याचा सुवास आठवड्यांतच उडतो, म्हणून स्वस्त मिश्रणांत तो नावापुरता असतो. दालचिनी कुठली हेही बघावं. बाजारात जाड सालीची कॅशिया जास्त मिळते, तिच्यात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि रोज, भरपूर घेतलं तर यकृताला ते बरं नाही. पातळ, थरांची गुंडाळी असलेली सिलोन दालचिनी महाग पडते, पण रोजच्या पेयाला तीच बरी. गोडीसाठी पुष्कळ डब्यांत ज्येष्ठमध असतो. रक्तदाब असलेल्यांनी यादीत तो शोधून मगच दुसरा कप घ्यावा. कॅफीन नाही म्हणून कितीही प्या, हे मिश्रणाला लागू होत नाही.

मुंबई-पुण्यात आता रॉयबॉसच्या पुरचुंड्या सहज मिळतात, सुटा मिळाला तर तो घ्यावा. कपाला एक चमचा, आणि सुंठ, बडीशेप, जायफळाचा किंचित कीस, आपल्या डब्यातलं काहीही चालतं. दूध घालायचं असेल तर शेवटी, आणि आलं ताजं असेल तर ते आधी नीट उकळू द्यायचं, नाहीतर दूध फाटतं आणि दोष बिचाऱ्या रॉयबॉसला लागतो. गाळणी बारीक जाळीची हवी. नेहमीच्या गाळणीतून या सुया थेट कपात उतरतात. घरात चहा गाळायचं जुनं फडकं कुणी जपून ठेवलं असेल, तर ते इथे उत्तम चालतं.